डावीकडची खालची दाढ

मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे शेवटी दातांचा इतिहास आहे. राज्यं तलवारीनं मिळाली असतील, पण ती चाखली, चघळली आणि पचवली दातांनीच, आणि ज्या दिवशी राजाचा दात हलला त्या दिवशी सिंहासनही हललं, असं तोताराम नाना जळगावच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवे पडल्या पडल्या, छताकडे बघत, ठाम आवाजात म्हणाले. पण त्या वेळी त्यांच्या दोन्ही गालांत कापसाच्या गुंडाळ्या कोंबलेल्या असल्यामुळे डॉक्टरांना त्यातलं फक्त "आआ हाह ओओ" एवढंच ऐकू आलं, आणि ते म्हणाले, "चूळ भरा." नानांनी चूळ भरली. गुंडाळ्या बाहेर आल्या. त्यातली एक त्यांनी सवयीनं दोन बोटांत धरून ओढून पाहिली. आखूड धागा, वर पिवळट झाक. असला माल त्यांनी आपल्या केंद्राच्या फाटकातून आत येऊ दिला नसता, आणि इथं तो त्यांच्या तोंडात आला होता. दिवसाची सुरुवातच अशी झाली.

तोताराम नाना म्हणजे साधा माणूस नव्हता, असं निदान तोताराम नानांचं मत होतं. तापीकाठच्या एका खरेदी केंद्रावर त्यांनी एकोणतीस हंगाम ग्रेडर म्हणून काढले होते. शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस पारखून तो घ्यायचा की परत धाडायचा हे ग्रेडर ठरवतो. बाकीचे ग्रेडर कापूस डोळ्यांनी बघत, मुठीत दाबत, नाकाशी नेत. नाना कोपरापर्यंत हात गाडीत घालत, अगदी पोटातला कापूस ओढून काढत, बोटांनी रुई सोडवून आतली सरकी डावीकडच्या खालच्या दाढेखाली ठेवत आणि डोळे मिटत. कोरडी सरकी कट् अशी फुटते. ओली सरकी काही बोलत नाही. तिचा मालक बोलतो. वजन वाढावं म्हणून पाणी शिंपडलेला कापूस, दव वाळायच्या आत वेचलेला कापूस, वर ऊन दाखवून पोटात ओल दडवलेला कापूस, सगळे त्या दाढेपुढे उघडे पडत. पंच्याऐंशीच्या सुमाराला वरून ओलावा मोजायचं एक यंत्र आलं. नानांनी ते कपाटात ठेवलं आणि कपाटावर गणपती ठेवला. लोक त्यांना दातवाले नाना म्हणत. त्यात आदर किती आणि दुसरं काय किती हे नानांनी कधी पारखून बघितलं नाही.

आणि आता, शहाण्णव सालच्या डिसेंबरात, धुळ्याहून सकाळची पहिली गाडी धरून ते इथं आले होते, कारण मुंबईचे एक डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जळगावला येतात आणि जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात उभा करतात, अशी बातमी होती. गेली सहा वर्षं नाना कवळीवर होते. कवळीनं भाकरी खाता येते, पुढाऱ्यासारखं हसता येतं, पण सरकी फोडता येत नाही. सरकी ठेवली की कवळी एका बाजूनं उचकटते, सरकी जिभेखाली पळते आणि माणूस तोंडात उंदीर शिरल्यासारखा दिसतो. निवृत्त झाले तरी अजून कुणी ना कुणी मूठभर कापूस घेऊन घरी यायचंच. नाना तो हातात घेऊन गंभीर होत आणि म्हणत, ठेवून जा, सवडीनं बघतो. सहा वर्षं त्यांना सवड झालेली नव्हती.

"किती टिकतो?" नानांनी सगळ्यात आधी विचारलं. डॉक्टर नानांच्या नोकरीएवढ्या वयाचे होते. ते म्हणाले, "नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं. परदेशात तीस वर्षं टिकलेलेही आहेत. वरची टोपी झिजते, ती मधे बदलावी लागते. आतला स्क्रू हाडाशी एकजीव होतो." नानांनी मनात बेरीज केली. सहासष्ट अधिक पंधरा, एक्क्याऐंशी. वडील चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, तेही चिंचेवरून पडून. "म्हणजे शेवटची तीन वर्षं आम्ही काय करायचं?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, आधी बसवता येतो का ते बघू, आणि त्यांनी नानांच्या जबड्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. आपण आतून असे दिसतो हे नानांना पटलं नाही.

"शुगर किती आहे?"

"आहे थोडी."

"कागदावर दोनशे ऐंशी आहे."

"तो जेवणानंतरचा असेल."

"उपाशीपोटीचा आहे. तंबाखू?"

"नाही."

"दिनभर मयतस," कोपऱ्यातल्या स्टुलावरून शेवंताबाई म्हणाल्या आणि तळहातावर अंगठा मळून दाखवला. नानांशी संसार करून त्यांना चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि खोटी साक्ष द्यायची सवय अजून लागली नव्हती.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. चांगला माणूस होता, हीच अडचण होती. वाईट असता तर नानांना तिथल्या तिथं भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, ज्याचं हाड भरलेलं आहे, हिरड्या निरोगी आहेत, शुगर ताब्यात आहे, तंबाखू-विडी नाही, त्याला हे सोसतं. वयाचं काही नाही, पंचाहत्तर वर्षांच्या बाईंनाही मी बसवलेत. "पण तुमच्या इथलं हाड बघा, नाना. उरलेलंच नाही. ही डावीकडची खालची दाढ कधी काढली?"

"नव्वद साली."

"मग पंच्याऐंशी-शहाऐंशीपासून ती हलत असणार."

"आमची दाढ हलत नव्हती."

"हलत असणार. एवढं हाड एकदम जात नाही. हळूहळू जातं, दुखतही नाही, म्हणून माणसाला कळत नाही." आणि हे बोलता बोलता त्यांनी केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले, ते नानांनी उलट्या बाजूनं वाचले. नॉट सूटेबल. खाली रेघ. "आत्ता तुम्ही याला योग्य नाही. सहा महिने तंबाखू सोडा, शुगर खाली आणा, मग परत या. हाड भरण्याचाही इलाज असतो, पण तो पुढचा विषय." दारापर्यंत गेलेले नाना परत फिरले. "समजा बसवला. तर सरकी कळेल?" प्रश्न काय आहे हे डॉक्टरांना शेवंताबाईंनी समजावून सांगितलं. डॉक्टरांनी जरा विचार केला. "फुटेल. पण खऱ्या दाताइतकं कळणार नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक बारीकशी गादी असते, तिच्यामुळे आपल्याला चावलेलं कळतं. स्क्रूला गादी नसते." गादी म्हटल्यावर म्हातारा एवढा का दचकला, हे डॉक्टरांना कळायचं काही कारण नव्हतं.

धुळ्याच्या गाडीत खिडकीशी शेवंताबाई आणि त्यांच्या शेजारी नाना बसले, आणि गाडी पाळधीच्या पुढे जाईपर्यंत नानांच्या डोक्यात एक अर्ज तयार झाला. विषय : अर्जदाराचा जबडा अयोग्य ठरविल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, अर्जदार हा एकोणतीस वर्षे शासनमान्य दातांनी सेवा बजावून निवृत्त झालेला इसम असून, काल मिसरूड फुटलेल्या एका परगावच्या डॉक्टराने त्यास, त्याची बाजू ऐकून न घेता, काचेवरच्या काळ्या डागावरून नापसंत केले. डागावरून! कापसालाही डाग असतो, म्हणून काय धागा वाईट असतो? आणि हे टिकाऊ दात तरी कुणासाठी? ज्याचं हाड भक्कम, हिरड्या घट्ट, शुगर नाही, व्यसन नाही, त्याचे मुळात दात कशाला पडतील? म्हणजे ज्याला दातांची गरज नाही त्यालाच हे दात मिळणार. हे तर सरकारी कर्जासारखं झालं. नाना अंतःकरणापासून संतापले. त्यांना आपला संताप आवडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस अडकून राहिला होता, काट्याकाट्याला पांढरं, आणि नाना एकेका झाडाकडे असं बघत होते की जणू तीही त्या डॉक्टरांच्या बाजूची आहेत.

कुडुम. शेवंताबाईंनी जळगावच्या स्टँडवर फुटाण्यांची पुडी घेतली होती. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. आयुष्यभर कडुलिंबाची काडी घासली, दाताच्या डॉक्टरचं तोंड आज पहिल्यांदा बघितलं, आणि तोंडात तीस दात होते. मोजून तीस; नानांनी एकदा त्या जांभई देत असताना मोजले होते. कुडुम. प्रत्येक फुटाणा नानांच्या उजव्या कानात फुटत होता.

"जरा पलीकडे तोंड करून खा."

"पलीकडे खिडकी शे. धूळ येस."

"मग खाऊ नको."

"डाक्टरनी तुमले नापास करं," शेवंताबाई म्हणाल्या, "माले नही." आणि त्यांनी पुढचा फुटाणा टाकला.

नापास. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या खिशात एकोणतीस वर्षं एक रबरी शिक्का होता, त्यावर 'नापसंत' एवढंच होतं, आणि तो उठवल्यावर ते एकच वाक्य म्हणत : वाळवून आणा. दोन दिवस ऊन दाखवा आणि परत आणा. आत्ता कुठं त्यांच्या लक्षात आलं की त्या पोरगेल्या डॉक्टरनं त्यांना शब्दाशब्दानं तेच सांगितलं होतं. वाळून या. फरक इतकाच की त्यानं सहा महिन्यांची मुदत दिली, खुर्ची जवळ ओढली आणि काळा डाग बोटानं दाखवला. नानांनी कुणाला काही दाखवलं नव्हतं. दाखवणार काय? दाढ नानांच्या तोंडात. तिनं काय ऐकलं हे फक्त नानांना माहीत. वर अपील नाही, खाली साक्षीदार नाही. या विचारानं नाना आणखीच संतापले, पण आता संतापाला नेमकं कुणाच्या अंगावर सोडावं हे त्यांना सुचेना, आणि तो गाडीतल्या गाडीत फिरत राहिला.

शहाऐंशीपासून हलत असणार. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत झुलाल आला होता. पारोळ्याकडचा, उंच, कानात बाळी, तीन बिघे कोरडवाहू. दोन दिवस रांगेत, आपल्याच कापसावर झोपून, तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बैलगाडी काट्याशी आली. नानांनी हात घातला, सरकी काढली, दाढेखाली ठेवली, डोळे मिटले. सरकी बोलली नाही. दाबली, आणखी दाबली. काहीतरी मऊ मऊ, खाली खाली गेल्यासारखं. ओला. शिक्का निघाला. झुलाल गाडीवरून उतरला, घाई न करता त्यानंही एक सरकी काढली, दातांत धरली आणि फोडली. कट्. तो आवाज मागच्या चार गाड्यांपर्यंत गेला. मग तो नानांच्या तोंडाकडे, अगदी जबड्याकडे बघत म्हणाला, "नाना, कापूस वल्ला नही शे. तुमना दात हालस." रांग हसली. बैलसुद्धा हसल्यासारखे नानांना वाटले. त्यांनी शिक्का उठवला, आणि खाली दोन रेघा मारल्या. एक पुरली असती.

झुलालनं कापूस वाळवून आणला नाही. त्यानं गाडी वळवली, घरी गेला, पुढं कापूस पिंजून घेतला आणि त्या अख्ख्या गाडीच्या गाद्या भरल्या. घरात, भावकीत, सोयऱ्यांत वाटल्या. पोरीचं लग्न त्या साली व्हायचं ते पुढच्या सालावर गेलं, असं नानांना नंतर कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याला त्यांनी विषय बदलायला लावला. आणि त्याच अठ्ठ्याऐंशी साली नाना निवृत्त झाले, हारतुरे झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी एका टेम्पोतून धुळ्याच्या घरी एक गादी उतरली. निळ्या पट्ट्यांची, जाड, टाके बारीक. ड्रायव्हरनं निरोप सांगितला : "झुलाल आबानी सांगं शे, कोरडी शे. नाना, निजीसन देखा." नाना म्हणाले, परत पाठवा. शेवंताबाई म्हणाल्या, घर चालत उनी लक्ष्मी कोन परत धाडस, आणि पलंगावर टाकून मोकळ्या झाल्या. त्या गादीला आठ वर्षांत गाठ धरली नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, पापड मऊ पडायचे, गादीला वास म्हणून आला नाही. नाना तिच्यावर आठ वर्षं झोपले आणि आठ वर्षं म्हणत राहिले की तो कापूस दुसरा असणार. बदललेला असणार. हा झुलाल भारी लबाड माणूस. पाठ मात्र ऐकत नव्हती. पाठीला सगळं कळत होतं.

मग त्यानंतरच्या गाड्यांचं काय? आणि आधीच्या? शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. तीन हंगाम. हलणारी दाढ सरकीबरोबर खाली जाते, मग सरकी कशाला बोलेल. नानांना आठवत होतं ते असं की त्या तीन सालांत लोकांचा कापूस फार ओला यायला लागला होता, आणि त्यांनी वरती तसा अहवालही पाठवला होता : अलीकडे शेतकरीवर्गात अप्रामाणिकपणा वाढीस लागला आहे. अहवालाची भाषा चांगली होती. साहेबांनी कौतुक केलं होतं. कुडुम, शेवंताबाईंचा फुटाणा फुटला, आणि नानांनी अर्जाचा विषय पुन्हा आठवून बघितला. पण अर्जदार कोण आणि महोदय कोण यात त्यांचा गोंधळ व्हायला लागला होता. तरी ते रागावूनच राहिले. राग सोडला तर त्याच्या जागी काय येईल ते त्यांना दिसत होतं, आणि ते एक्स-रेतल्या त्या काळ्या जागेसारखं होतं.

एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली. नाना पाय मोकळे करायला उतरले. स्टँडबाहेर रस्त्याच्या कडेला कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टरवाला चहाला गेलेला, आणि कापसाच्या ढिगावर, डोक्यावर पदर घेऊन, पन्नाशीची एक बाई बसली होती. तिनं नानांकडे बघितलं, मग पुन्हा नीट बघितलं.

"तुम्ही दातवाला नाना ना?"

नानांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि सवयीनं मान हलली ती होकाराची.

"मी भागाबाई. मना सासरा तुमना केंद्रवर ये. दोन खेप तुम्ही त्याले परत धाडं." ती तक्रार करत नव्हती, ओळख सांगत होती. "म्हातारा मरेपावत सांगे, नानानी दाढ खोटी बोलाव नही. काल पहाटे दव पडनं, नाना. मी म्हनं कोरडा शे, पोऱ्या म्हने वल्ला शे. पुढे केंद्रवर दोन दिननी लाइन शे. सांगा ना, पुढे जाऊ का मांगे फिरू?"

म्हातारा मरेपर्यंत सांगत होता. दोन खेपा. कोणत्या साली, हे नानांनी विचारलं नाही. त्यांनी कोपरापर्यंत हात ट्रॉलीत घातला. आत ऊब होती, ओळखीची. पोटातला कापूस काढला, रुई सोडवली, सरकी डावीकडे ठेवली आणि डोळे मिटले. कवळी उजवीकडून उचकटली. सरकी हिरडीवरून घसरली, जिभेखाली गेली, परत आली. काही नाही. काहीच नाही. आत फक्त अंधार होता आणि त्यात एक गुळगुळीत दाणा फिरत होता. डोळे मिटलेले असताना नानांना स्वच्छ कळलं की आता ते काहीही म्हणू शकतात. वल्ला म्हणाले तर ही बाई इथवर आणलेली ट्रॉली मुकाट वळवील. कोरडा म्हणाले तर दोन दिवस रांगेत बसेल आणि तिथं कुणीतरी खिशातून शिक्का काढील. दोन्ही वाक्यं त्यांना सारख्याच गंभीर आवाजात म्हणता येत होती. तो आवाज अजून शाबूत होता. दाढ गेल्यावर सहा वर्षं, आणि दाढ असताना तीन वर्षं, तो एकट्यानंच काम करत आला होता.

त्यांनी सरकी थुंकली. "थांब," ते भागाबाईला म्हणाले, "पुढेही जाऊ नको, मागेही फिरू नको." दुसरी सरकी त्यांनी नीट, एक धागा न ठेवता सोलली, धोतराला पुसली आणि गाडीकडे चालत गेले. खिडकीत शेवंताबाई पुडीच्या तळाचे फुटाणे शोधत होत्या. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला होता. ट्रॉलीवरून भागाबाई बघत होती, आणि चहा संपवून ट्रॅक्टरवालाही आता बघत होता. नाना टाचा उंचावून खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले आणि त्यांनी तळहातावरचा तो काळपट दाणा वर धरला.

"हाई काय?" शेवंताबाईंनी विचारलं.

नोकरी लागल्यापासून नाना घरातसुद्धा कचेरीची मराठी बोलत आले होते. आता त्यांनी घसा साफ केला, मान वाकडी केली, उजवा कान गजांच्या मधोमध नेऊन ठेवला आणि फार हळू आवाजात म्हणाले,

"फुटाणा राहू दे. जरासं हाई चाव ना. मना कानजवय."